सण आपला, मुके जीव आपल्या भरवशावर



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या घरांची धांदल उडते. भिंतींना रंग लागतो, अंगणात चांदणी चढते, तरुण मंडळी रात्र रात्र जागून नाताळ गोठा उभारतात आणि स्वयंपाकघरात कलकल, करंज्या व केक ह्यांचा वास दरवळू लागतो. ह्या धांदलीत घरातला एक सभासद मात्र गोंधळून गेलेला असतो. दाराशी बसणारा कुत्रा, चुलीजवळ झोपणारी मांजर, परड्यातल्या कोंबड्या, गोठ्यातली गाय ह्यांना नाताळ म्हणजे काय ते ठाऊक नसते. त्यांना एवढेच कळते की रोजच्या वेळेला जेवण आले नाही, घरात अनोळखी माणसे भरली आहेत आणि रात्री आकाश फुटल्यासारखे आवाज होत आहेत. आजच्या लेखात आपण सणाच्या दिवसांत ह्या मुक्या जीवांची काळजी कशी घ्यावी आणि ती का घ्यावी, ह्याचा विचार करू या.

१. गव्हाणीचे मालक

लूककृत शुभवर्तमानात (२:७) गव्हाणीचा उल्लेख आहे, पण बैल किंवा गाढव ह्यांचा नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २०१२ साली येशूच्या बालपणावरील आपल्या पुस्तकात ही गोष्ट सांगितली, तेव्हा काही लोकांना धक्काच बसला. आता गोठ्यातून बैल आणि गाढव काढायचे की काय? तसे मुळीच नाही. गव्हाण आहे म्हणजे तिच्यात चारा खाणारे जनावर आलेच. शिवाय यशया संदेष्ट्याने (१:३) बैल आणि गाढव ह्यांचेच उदाहरण देऊन आपल्या लोकांना लाजवले होते: जनावर आपल्या अन्नदात्याला ओळखते, माणूस मात्र विसरतो. ख्रिस्ती परंपरेने ही दोन्ही जनावरे गव्हाणीजवळ आणून उभी केली. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो ह्या गावी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, तेव्हा तिच्याजवळ जिवंत बैल आणि गाढव आणले होते.

दुसरी एक गोष्ट लूकनेच (१३:१५) नोंदवली आहे. शब्बाथ दिवशी रोग्याला बरे केले म्हणून सभास्थानाचा अधिकारी रागावला. तेव्हा येशूने त्याला रोजच्या व्यवहारातला दाखला दिला: शब्बाथ असला तरी तुम्ही आपला बैल किंवा गाढव सोडून पाण्यावर नेताच ना? ह्यातून पवित्र दिवसाचा एक नियम आपल्याला मिळतो. सण कितीही मोठा असो, जनावराला पाणी पाजण्याचे काम सणासाठी थांबत नाही.

२. प्रेम म्हणजे आपल्या आवडीचे देणे नव्हे

सतराव्या शतकात देकार्त ह्या तत्त्वज्ञाने जनावरांना यंत्राप्रमाणे मानले. त्याच्या पुष्कळ आधी ॲरिस्टॉटल आणि त्याच्यामागून संत थॉमस अक्वायनस ह्यांनी वेगळे सांगितले होते. त्यांच्या मते वनस्पतीला वाढणारा प्राण आहे, जनावराला त्याशिवाय जाणणारा प्राण आहे आणि माणसाला त्याहीपुढे विवेक आहे. जनावराला भूक लागते, भीती वाटते, दुखते. पण उद्या काय होणार आणि आज असे का झाले, ह्याचा विचार त्याला आपल्यासारखा करता येत नाही. तो विचार त्याच्या वतीने आपण करायचा असतो. विवेक आपल्याकडे आहे, म्हणून जबाबदारीही आपल्याकडे आहे.

संत थॉमसने प्रेमाची व्याख्या अगदी साधी केली आहे: दुसऱ्याचे भले इच्छिणे म्हणजे प्रेम. दुसऱ्याला जे आवडते ते देणे आणि त्याचे भले करणे ह्या दोन गोष्टी नेहमी सारख्या नसतात. आईवडिलांना हे चांगले ठाऊक आहे. नाताळच्या जेवणावेळी टेबलाखाली बसलेला कुत्रा डोळे लावून पाहत असतो आणि आपण मायेने म्हणतो, "त्याचाही सण आहे, दे त्याला एक तुकडा." इथे माया खरी असते, पण तिला ज्ञानाची जोड हवी. पुष्कळ जनावरे सणासुदीत आजारी पडतात ती दुष्टपणामुळे नव्हे, तर ह्या अजाण मायेमुळे.

३. आपल्या ताटातले काय देऊ नये

पुढील गोष्टी घरातील मुलांना आणि येणाऱ्या पाहुण्यांनाही सांगून ठेवाव्यात.

चॉकलेट: ह्यात थिओब्रोमिन नावाचे द्रव्य असते. माणसाचे शरीर ते लवकर बाहेर टाकते, पण कुत्र्याच्या शरीरातून त्याचा अर्धा भाग जायलाच सुमारे १७-१८ तास लागतात. उलट्या, धाप, छातीची धडधड आणि मग झटके अशी लक्षणे दिसतात. दुधाच्या चॉकलेटपेक्षा काळे, कडू चॉकलेट कितीतरी जास्त घातक आणि कोको पावडर त्याहूनही घातक.

मनुका, बेदाणे आणि द्राक्षे: कुत्र्याची मूत्रपिंडे ह्यांमुळे एक ते तीन दिवसांत निकामी होऊ शकतात. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही, तर दुसऱ्याला थोडेही बाधते. म्हणून अमुक इतके चालते असे प्रमाण ठरवता येत नाही. प्लम केकमध्ये मनुकाही आल्या आणि रमही आली. दारू कुत्र्या-मांजरांना थोडीशीही बाधते. केकचा डबा झाकण लावून उंचावर ठेवावा.

कांदा आणि लसूण: कच्चे, शिजलेले, वाटणात घातलेले, कसेही असोत, ते रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. मांजराला ते अधिक बाधतात. परिणाम लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी जनावर मलूल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात. विंदालू किंवा सोरपोतेलचा रस भातावर ओतून कुत्र्याला घालणे म्हणजे कांदा, लसूण, मीठ, तिखट आणि चरबी एकदम घालणे होय. डुकराच्या मांसाची चरबी एकाएकी पोटात गेली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कुत्रा पुन्हा पुन्हा ओकतो, पाठ वाकवून उभा राहतो, पोटाला हात लावू देत नाही. हा आजार जिवावर बेतू शकतो.

शिजवलेली हाडे: शिजल्यावर हाड ठिसूळ होते आणि त्याच्या अणकुचीदार कपच्या पडतात. कोंबडीची हाडे ह्या बाबतीत विशेष वाईट. ती घशात अडकतात किंवा आतडे फाडतात.

फुग्यांचे कच्चे पीठ: यीस्ट घालून फुगत ठेवलेले पीठ कुत्र्याने खाल्ले तर ते उबदार पोटात आणखी फुगते आणि आंबताना दारूही तयार होते. पातेल्यावर नुसते फडके बांधून भागणार नाही, वर जड झाकण हवे.

साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगम आणि गोळ्या: मधुमेही माणसांसाठी आणलेल्या अशा पदार्थांवरील मजकूर वाचावा. कुत्र्याच्या रक्तातील साखर अर्ध्या तासातसुद्धा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

आणखी एक इशारा औषधाबद्दल. जनावर आजारी दिसले म्हणून घरातील तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनही कुत्र्या-मांजरांना घातक आहे. काही विषारी खाल्ल्याचे कळले तर मिठाचे पाणी पाजून ओकवायचा प्रयत्न करू नका, त्या मिठाचीच बाधा होते. काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले हे लिहून घ्या, वेष्टन बरोबर घ्या आणि ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरांना गाठा. सुट्टीत दवाखाना कोणत्या दिवशी उघडा आहे आणि रात्री कोणाला फोन करायचा, हे २४ तारखेच्या आधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवावे.

मग सणाला काही द्यायचेच नाही का? जरूर द्यावे. मीठ-मसाला न घालता उकडलेल्या कोंबडीचे हाडे काढलेले चार तुकडे, उकडलेले अंडे, काटे काढलेला मासा, साधा भात, कुत्र्याला गाजर किंवा उकडलेला भोपळा हे चालते. तेही रोजच्या जेवणात थोडे मिसळून. वाटण घालण्याआधीच त्याचा वाटा बाजूला काढून ठेवला की काम झाले.

४. सजावट, पाहुणे आणि फटाके

झाडावरच्या चकचकीत झिरमिळ्या आणि रिबिनी मांजराला खेळणे वाटतात. गिळलेली रिबीन आतड्यात ताणली जाऊन आतडे कापू शकते आणि मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो. शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, डॉक्टरांकडे न्या. चांदणीच्या आणि माळेच्या वायरी कुत्र्याची पिल्ले चावतात, म्हणून त्या उंचावर बांधाव्यात आणि झोपताना बटण बंद करावे. फुलवाल्याकडून आणलेली मोठी, तुतारीच्या आकाराची लिली मांजर असलेल्या घरात ठेवूच नये. तिचे पान, पराग, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकते. लाल पानांच्या पॉइन्सेटियाची मात्र जेवढी भीती सांगतात तेवढी नाही, तिच्या चिकाने तोंडाची आग होते आणि उलटी होते इतकेच.

पाहुणे आले की त्यांच्या मुलांना कुत्र्याचे कौतुक वाटते. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ मुलांना जाऊ देऊ नका. मूल आणि कुत्रा ह्यांना एकटे सोडू नका, कुत्रा कितीही गरीब असो. रेबीजची लस दरवर्षी वेळेवर टोचून घ्या. कुत्रा किंवा मांजर चावले वा नखाने रक्त आले तर वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. रेबीज एकदा उठला की त्यावर उपाय नाही, पण वेळेवर घेतलेल्या लशीने तो टाळता येतो.

फटाक्यांविषयी तरुणांना विशेष विनंती. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. जो आवाज आपल्याला गंमत वाटतो, तो त्याला चारी बाजूंनी आलेले संकट वाटते. नाताळच्या मध्यरात्री आणि ३१ डिसेंबरला म्हातारा जाळताना घाबरलेली कुत्री साखळ्या तोडून पळतात, रस्त्यावर गाडीखाली येतात किंवा वाट चुकतात. त्या दोन रात्री कुत्र्याला अंधार पडण्याआधीच फिरवून आणावे आणि खिडक्या लावून घरातल्या आतल्या खोलीत ठेवावे. अंगणात बांधून ठेवू नये. रेडिओ किंवा पंखा चालू ठेवला तर बाहेरचा आवाज दबतो. गळ्यातल्या पट्ट्यावर घरचा फोन नंबर लिहावा. मिस्साला जाताना दार नीट लावले की नाही, ते एकाने परत येऊन पाहावे. म्हातारा जाळण्यापूर्वी गवताच्या ढिगात मांजरीची पिल्ले तर नाहीत ना, हे काठीने उकरून बघायला दोन मिनिटे लागतात.

५. घराला कुलूप लावताना

आता पुष्कळ कुटुंबे नाताळनंतर आठवडाभर बाहेरगावी जातात. कोणी गोव्याला, कोणी नातेवाइकांकडे परदेशी. अशा वेळी परातभर भात आणि बादलीभर पाणी ठेवून जाणे ही काळजी नव्हे. भात पहिल्याच दिवशी आंबतो, पाण्यात मुंग्या आणि कचरा पडतो. मांजर स्वतःचे पाहून घेईल असे आपण म्हणतो, पण बिथरलेले मांजर खाणेच सोडते आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतावर चरबी चढून ते गंभीर आजारी पडू शकते.

शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला आधी विचारा, जाण्याच्या आदल्या दिवशी चावी हातात कोंबू नका. निदान दोन दिवस आधी जनावराची त्याच्याशी ओळख होऊ द्या. एका कागदावर जेवणाची वेळ, प्रमाण, औषध, डॉक्टरांचा नंबर आणि आपला नंबर लिहा. पुरेसे खाणे नेहमीच्याच प्रकारचे भरून ठेवा, कारण खाणे एकदम बदलले की पोट बिघडते. बदलायचेच असेल तर आठवडाभरात हळूहळू बदलावे. खर्चाचे पैसे शेजाऱ्याला आधी द्यावेत, मागायला लावू नयेत. आणि शेजारी जात असेल तर पुढच्या वेळी आपण त्याच्या कोंबड्या पाहाव्यात. आपल्या आळीतला शेजारधर्म असाच टिकत आला आहे.

पाळलेले जनावर वाऱ्यावर सोडून देणे किंवा त्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. कायद्यातील दंड अगदी किरकोळ आहे, पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. पण जो आपल्या भरवशावर आहे त्याला सोडून जाण्याची किंमत दंडाच्या पावतीवरून ठरत नाही.

६. गोठ्यातली गुरे आणि रस्त्यावरचे जीव

सणानंतर उरलेले वडे, पाव, भात, केक "वाया कशाला घालवायचे" म्हणून गाईपुढे ओतले जातात. गाय ते आवडीने खाते आणि तिथेच धोका असतो. तिचे पहिले पोट गवत-पेंढा पचवण्यासाठी बनलेले आहे. भात, पाव, पीठ असे पिष्टमय अन्न एकदम जास्त गेले की त्या पोटात आम्ल वाढते, गाय रवंथ करणे थांबवते, पोट फुगते, ती खाली बसते आणि कधी कधी पुन्हा उठत नाही. गाईला सणाची मेजवानी द्यायची असेल तर हिरवा चारा द्यावा.

उरलेले अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून रस्त्याकडेला टाकू नये. वास आला की गुरे आणि कुत्री पिशवीसकट ते गिळतात आणि प्लॅस्टिक गाईच्या पोटात वर्षानुवर्षे साठत जाते. ओला कचरा वेगळा करून खड्ड्यात पुरावा. नाताळ गोठ्याचे थर्मोकोल, चकाकी आणि कापूस सहा जानेवारीनंतर उघड्यावर फेकू नये. बैल-गाईच्या मूर्ती कागदात गुंडाळून जपून ठेवायच्या आणि त्याच देखाव्याचे प्लॅस्टिक खऱ्या गाईच्या तोंडी द्यायचे, हे आपल्याला शोभणारे नाही.

७. पिल्लू ही भेटवस्तू नव्हे

मुले नाताळला कुत्र्याचे पिल्लू मागतात. मागणी गोड आहे, पण कुत्रा दहा-पंधरा वर्षे जगतो. म्हणजे आज पाचवीत असलेला मुलगा नोकरीला लागेल, तरी त्याला रोज जेवण, फिरणे, लस लागणारच. आणि सणाच्या गोंगाटात नवीन पिल्लू घरी आणणे त्याच्यासाठीही वाईट. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनुसार मनाई आहे. घरात सर्वांचे एकमत असेल तर जानेवारीत, घर शांत झाल्यावर आणावे. रस्त्यावरच्या अनाथ पिल्लालाही घर हवे असते, हे मुलांना सांगावे. हिरवा पोपट मात्र मागू नका, आणूही नका. आपले देशी पोपट पकडणे व पिंजऱ्यात पाळणे वन्यजीव कायद्याने बंद आहे.

८. माणूस की जनावर?

कोणी म्हणेल, "फादर, माणसे उपाशी आहेत आणि तुम्ही कुत्र्या-मांजरांचे काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २४१५ ते २४१८) दोन्ही बाजू सांगतो. जनावरांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. तसेच, जो पैसा प्रथम माणसाचे दुःख हलके करण्यासाठी जायला हवा, तो जनावरांवर उधळणेही शोभत नाही. म्हणून ह्या लेखात सांगितलेल्या गोष्टींची यादी पुन्हा पाहा. त्यांतल्या बहुतेकांना पैसा लागत नाही. झाकण लावणे, वाटा बाजूला काढणे, दार लावणे, शेजाऱ्याला विचारणे ह्यांसाठी फक्त लक्ष लागते. कुत्र्याला लाल टोपी आणि झगा घालून त्याचे फोटो काढण्यात पैसा जातो आणि त्या बिचाऱ्याला उकडते. तो पैसा लसीला ठेवावा, उरलेला आळीतल्या एकट्या आजीच्या घरी जेवणाचा डबा पोहोचवायला वापरावा.

आणि ही दोन प्रेमे एकमेकांच्या आड येतातच असे नाही. संत थॉमस सांगतो की जनावरांशी क्रूरपणे वागणारा माणूस हळूहळू माणसांशीही तसाच वागू लागतो. पोप फ्रान्सिस ह्यांनीही २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ ह्या परिपत्रकात (क्र. ९२) हाच विचार मांडला. ह्याची दुसरी बाजूही खरी आहे. ज्या घरातली मुले मुक्या जिवाची तहान न सांगता ओळखायला शिकतात, ती उद्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची तहानही ओळखतील. नाताळच्या रात्री देव स्वतः बोलता न येणारे बाळ होऊन आला. न बोलणाऱ्याची गरज ओळखणे, हीच त्या रात्रीची पहिली सेवा होती.

घरी बसून चर्चा करण्यासाठी

१. आपल्या घरातील किंवा वाडीतील कोणते मुके जीव आपल्यावर अवलंबून आहेत? नाताळच्या आठवड्यात त्यांना वेळेवर खाणे-पाणी देण्याची जबाबदारी कोणाकडे असेल? नाव ठरवा.

२. लूक १३:१०-१७ वाचा. सणाच्या दिवशी कोणती कामे थांबवावीत आणि कोणती थांबवू नयेत?

३. ह्या वर्षी आळीतले कोण बाहेरगावी जाणार आहेत? त्यांच्या घरचे जनावर आपण पाहू शकतो का? आळीत एकटे राहणारे कोण आहेत, त्यांची विचारपूस कोण करील?

आपणा सर्वांना, आणि आपल्या भरवशावर जगणाऱ्या सर्व जीवांना, शांतीचा नाताळ लाभो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू